सत्ती कोनाजोळ हाय?

वऱ्हाडातली उन्हाळ्याची सुट्टी बाकी महाराष्ट्रापेक्षा लांब असते. पुण्या-मुंबईच्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात, तेव्हा अमरावती-अकोल्याची मुलं अजून घरीच असतात. इथल्या शाळा भरायला जूनचा शेवट उजाडतो. कारण अर्थातच ऊन. २०२४च्या मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे गेला, तेव्हा अकोला जिल्ह्यात जमावबंदीचा आदेश काढावा लागला होता. अशा दिवसांत दुपारी कोणी उंबरा ओलांडत नाही. बडनेऱ्याला गाडीतून उतरलेले भाचे, अकोटहून आलेली आत्या, आबाजी, आजी, मोठी आई असे सगळे कूलरच्या खोलीत जमतात आणि कोणीतरी फळीवरून पत्त्यांचा कॅट काढतं. मेंढीकोटला भिडूंच्या जोड्या लावाव्या लागतात. रमीला सराव लागतो. तीन पत्तीला मोठी माणसं नाही म्हणतात. पहिलीतल्या पोरापासून आबाजींपर्यंत सगळ्यांना एकाच सतरंजीवर बसवणारा डाव म्हणजे बदाम सात.

सोपा आहे म्हणून या खेळाला पोरांचा खेळ समजलं जातं. मला तो पत्त्यांतला अतिशय रेखीव खेळ वाटतो. एखादी कविता ओळीओळीने वाचावी तसे त्याचे नियम वाचले, तर त्याच्या सोपेपणामागे केवढा विचार आहे ते दिसतं.

सुरुवात पाहा. बावन्न पानं वाटून झाली की सगळे एकच प्रश्न विचारतात, “बदामची सत्ती कोनाजोळ हाय?” ज्याच्याकडे असेल त्याने ती मधोमध ठेवायची. इथे निवड नाही आणि बोली नाही. मोठा-लहान हा मानही नाही. इंग्लंडात याच जातीच्या खेळात चौकटची सत्ती आधी उतरते. आपल्याकडे तो मान बदामाचा. पुढच्याने बदामची छक्की किंवा अठ्ठी लावायची, नाहीतर दुसऱ्या रंगाची सत्ती उघडायची. छक्कीखाली पंजी, चौकी, तिर्री, दुर्री असं उतरत एक्क्यापर्यंत जायचं. अठ्ठीवर नव्वी, दश्शी, गुलाम, राणी असं चढत राजापर्यंत. लावण्याजोगं पान नसेल तर ‘पास’. ज्याचे हात आधी रिकामे, तो जिंकला. एवढे नियम ऐकून घ्यायला पाणी प्यायला लागतो तेवढा वेळ पुरतो. दहापर्यंत आकडे येणारं मूल खेळू शकतं. शाळेचं तोंड न पाहिलेली आजीही खेळू शकते, कारण पानावरचे ठिपके मोजता आले की पुरतं.

आता सत्तीच का, ते पाहू. एका रंगात तेरा पानं. सत्तीच्या खाली सहा, वर सहा. म्हणजे ती नेमकी मधली. पत्त्यांच्या बहुतेक डावांत एक्का आणि राजा मिरवतात आणि सत्तीला कोणी विचारत नाही. बदाम सातने ही उतरंड उलटी केली. इथे मधलं पान आधी, आणि एक्का-राजा दोघंही रांगेच्या दोन टोकांना, सगळ्यांत शेवटी. हातात राजा आला की एरवी चेहरा खुलतो, इथे तो पडतो. कारण राणीपर्यंत सगळी रांग लागल्याशिवाय राजाला जागाच नाही. ज्या घरांत उरलेल्या पानांचे गुण मोजून वहीत लिहितात, तिथे तर राजाचे तेरा गुण अंगावर बसतात. मोठेपणाचं ओझं होऊ शकतं, हे सहा-सात वर्षांच्या मुलाला उपदेश न करता कळतं. ते हातातल्या राजाकडे बघतं आणि त्याला समजतं.

या डावाचा प्राण मात्र एका दुसऱ्या नियमात आहे. तो इतका साधा की त्याच्याकडे सहसा लक्ष जात नाही: लावण्याजोगं पान असेल तर लावायलाच हवं. खोटा पास चालत नाही. सगळा ताण इथूनच निर्माण होतो. किलवरची सत्ती माझ्याकडे आहे आणि मी ती दाबून ठेवली, तर पूर्ण किलवर रंग कोंडला जातो. पण मी ती दाबून कधीपर्यंत ठेवू शकतो? माझ्याकडे लावायला दुसरं पान आहे तोपर्यंतच. दुसरी पानं संपली की नियम माझ्या हातून सत्ती काढून घेतो. म्हणजे इथे अडवण्याची ताकद त्यालाच मिळते ज्याच्याजवळ देण्यासारखं दुसरं काही आहे, आणि प्रत्येक अडवणुकीची किंमत त्याच शिल्लकीतून मोजावी लागते. या एका ओळीच्या नियमाने लबाडीला वाव दिला आणि तिला मुदतही घालून दिली.

एक हात उघडून पाहू. चार भिडू, प्रत्येकी तेरा पानं. माझ्याकडे बदामची छक्की, नव्वी, दश्शी. इस्पिकचा एक्का, पंजी, छक्की, सत्ती आणि राजा. किलवरची सत्ती आणि अठ्ठी. चौकटची तिर्री, चौकी आणि राणी. बदामची सत्ती दुसऱ्याने लावली आहे. माझी पाळी. लावण्याजोगी पानं तीन: बदामची छक्की आणि दोन सत्त्या.

इस्पिकचा एक्का आणि राजा दोन्ही माझ्याकडे आहेत. ती दोन्ही पानं जायची असतील तर इस्पिकची अख्खी रांग लागायला हवी. म्हणून इस्पिकची सत्ती आधी, मग छक्की, मग पंजी. या तीन पाळ्या खात्रीच्या, त्यांत मला कोणी अडवू शकत नाही. किलवरचं उलटं आहे. त्या रंगात माझी दोनच पानं, बाकी अकरा इतर तिघांच्या हातात अडकलेली. सत्ती जितकी उशिरा सोडेन तितकी ती अकरा पानं खोळंबतील. बदामची छक्कीही तशीच: तिच्याखाली माझं एकही पान नाही, पण इतरांची पाच पानं तिची वाट पाहताहेत.

तीन पाळ्या संपतात. दरम्यान कोणी बदामची अठ्ठी लावली असेल, तर माझी नव्वी आणि दश्शी मला आणखी दोन पाळ्या देतील. नसेल लावली, तर चौथ्या पाळीला दोनांपैकी एक सोडावंच लागेल. छक्की सोडली तर पाच पानांची वाट मोकळी होते, पण मला पुढे काही मिळत नाही. किलवरची सत्ती सोडली तर खालच्या सहा पानांची वाट मोकळी होते, वरच्या पाचांना मात्र माझी अठ्ठी अजून अडवते, आणि तीच अठ्ठी माझी पुढच्या पाळीची शिदोरी ठरते. कोणतं बरोबर? ते पानांवर ठरत नाही, समोरच्यांवर ठरतं. मघाशी कोण दोनदा पास बोललं, कोणाची नजर किलवरच्या रिकाम्या जागेवर खिळली आहे, ते बघावं लागतं. आणि हे सगळं चालू असताना चौकटची सत्ती दुसऱ्या कोणीतरी दाबली आहे. माझी तिर्री, चौकी आणि राणी त्याच्या मर्जीवर. अडवणारा आणि अडलेला मी एकाच वेळी असतो. म्हणूनच या डावात कोणाला फार काळ उर्मट राहता येत नाही.

जपानमध्ये हाच खेळ ‘शिचिनाराबे’ नावाने घराघरांत खेळतात. तिथे सहसा चारही सत्त्या आधीच मांडून घेतात, आणि पान असूनही पास म्हणायची मुभा असते, पण मोजून तीनदा. तिथली अडवणूक मोजलेल्या पासांतून होते, आपली लपलेल्या सत्तीतून. मला आपली पद्धत जास्त नाट्यमय वाटते. कोण अडवतंय हे जपानी डावात पास मोजून कळतं. आपल्या डावात ते माणूस वाचून ओळखावं लागतं.

आणि माणूस वाचायचा म्हटला की वऱ्हाडी बैठकीला तोड नाही. इथे हा डाव शांतपणे खेळलाच जात नाही. “काहून दाबून बसला बे? टाक ना!” असा पुकारा होतो. कोणी नातू थेट सांगतो, “आजी, किलवरची सत्ती तुयाजोळच हाय!” आजी पानं छातीशी धरून म्हणते, “पाय बाप्पा, मायाजोळ काही नाही,” आणि शांतपणे इस्पिकची दुर्री लावते. हे बोलणं खेळाच्या बाहेरचं नाही. नियम पानांना बांधतो, जिभेला नाही. म्हणून आर्जव, धाक आणि बतावणी सगळं चालतं. ज्या घरात सुनेने सासऱ्यांपुढे फारसं बोलू नये अशी रीत होती, तिथेही या सतरंजीवर ती “आबाजी, सोडा ना चौकट” म्हणू शकते आणि आबाजींना नियमापुढे मान तुकवून सत्ती सोडावी लागते.

मांडणीतही सौंदर्य आहे. पंख्याच्या वाऱ्यात पानं उडतात म्हणून ती एकमेकांवर अर्धी चढवून लावतात. चार रांगा हळूहळू दोन्ही बाजूंनी लांबत जातात. कुठे भोक पडलंय, कोणती रांग थांबली आहे, ते दुरूनही दिसतं. डाव न खेळणारा, पापड वाळवून मधेच आत आलेला माणूसही एका नजरेत ओळखतो की कोणीतरी इस्पिकची नव्वी धरून बसलं आहे. पाहुणे वाढले तर दोन कॅट एकत्र करायचे: १०४ पानं, आठ सत्त्या. खेळाचा घाट तोच राहतो.

मेंढीकोटमध्ये दश्श्या जिंकून न्यायच्या असतात, इतर डावांत हुकमाने पान कापलं जातं. बदाम सातमध्ये कोणाचं पान मारलं जात नाही, कोणाचं पळवलं जात नाही, फेकूनही दिलं जात नाही. बावन्नच्या बावन्न पानांना ठरलेली जागा आहे आणि दुर्रीवाचून एक्क्याचं अडतं. जिंकणाऱ्यालाही आपली पानं हरणाऱ्याच्या पानांना लावूनच सुटावं लागतं. स्पर्धा पूर्ण आहे, चुरस खरी आहे, आणि तरी डावाच्या शेवटी उरते ती सगळ्यांनी मिळून लावलेली रांग. कुटुंब जमलेलं असताना खेळायच्या खेळाकडून याहून अधिक काय मागावं? ही सुट्टी संपायच्या आत घरातल्या सर्वांत लहान मुलाला हा डाव शिकवा, आणि त्याला पहिल्याच दिवशी खरा नियम सांगा: सत्ती दाबून ठेवायची तर ठेव, पण लावायला दुसरं पान उरलं नाही की ती सोडावीच लागते.