'रणांगण'मधील बोट आणि परतीचा हक्क

प्रस्तावना :
दुसरे महायुद्ध १९४५ मध्ये संपले आणि ज्या प्रवासी बोटींनी सैनिकांना युद्धावर नेले होते, त्याच त्यांना घरी आणू लागल्या. शांततेच्या काळात सुमारे २,००० उतारू नेणाऱ्या 'क्वीन मेरी'ने जुलै १९४३ मधील एका फेरीत १६,६८३ माणसे वाहून नेली होती. युद्धानंतर तिनेच अमेरिकन सैनिकांना मायदेशी पोहोचविले. या परतीमागे एक गृहीत होते : बोटीवरील प्रत्येकाला देश आहे आणि तो देश त्याला बंदरावर उतरू देईल. हे गृहीत सर्वांना लागू नसते, हे विश्राम बेडेकर यांच्या 'रणांगण' (१९३९) या कादंबरीने युद्धाच्या उंबरठ्यावरच दाखवून दिले होते.

विवेचन :
अमरावतीत जन्मलेल्या बेडेकरांची ही एकमेव कादंबरी. युरोपातून मुंबईकडे निघालेल्या बोटीवर जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू आहेत आणि प्रेमभंगाने कडवट झालेला चक्रधर विध्वंस आहे. चक्रधर व हर्टा यांचे प्रेम अवघ्या काही दिवसांचे. मुंबई येताच तो उतरतो; हर्टा त्याच बोटीने पूर्वेकडे जाते. तिची पत्रे आणि तिची आत्महत्या एवढेच मागे उरते.

ही कादंबरी अनेकदा शोकात्म प्रेमकथा म्हणून वाचली जाते. तथापि केवळ तेवढ्यावर थांबल्यास शीर्षकाचा अर्थ निसटतो. येथे तोफा नाहीत, सैन्य नाही; तरीही बोट रणांगण आहे, कारण माणसांची विभागणी तेथे आधीच झालेली आहे. एकाच डेकवर वावरणाऱ्या दोघांपैकी एकाचा प्रवास घरी संपतो, दुसरीचा कोठेच संपत नाही.

निवेदनाची रचनाही हीच विषमता दर्शविते. बहुतांश कथा चक्रधर सांगतो. हर्टाची लेखणी बोलू लागते ती ताटातुटीनंतर. म्हणून तिच्या शेवटाचा सारा दोष इतिहासावर टाकता येत नाही. चक्रधरपाशी घर होते. ते देऊ करण्याचे धैर्य नव्हते. मराठी नायकाचे इतके निर्दय आत्मपरीक्षण त्या काळात विरळाच.

निष्कर्ष :
फाळणीनंतर कराचीहून बोटींनी मुंबईत उतरलेल्या सिंधी कुटुंबांचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक ठरते. नागपूरचा जरीपटका हा परिसर सिंधमधून आलेल्या अशाच विस्थापितांच्या वसाहतीतून वाढला. सैनिकाप्रमाणे ती माणसे घरी परतत नव्हती. घर तर मागेच सुटले होते. परंतु हर्टाला न लाभलेली एक गोष्ट त्यांना लाभली : उतरण्यासाठी किनारा. जरीपटक्यासारख्या परिसरातील महाविद्यालयात 'रणांगण' शिकविताना हा भेद पुढे ठेवल्यास कादंबरीतील प्रेमकथेइतकाच तिच्यातील नागरिकत्वाचा प्रश्नही विद्यार्थ्यांना जवळचा वाटेल. युद्ध संपल्यावर कोण घरी परतले, याची नोंद इतिहास ठेवतो. कोणाला परतण्यासाठी घरच उरले नव्हते, याची नोंद 'रणांगण'ने ठेवली. तिचे वाङ्मयीन मोल प्रेमकथेच्या करुणतेइतकेच या नोंदीतही आहे.