ढगांची चित्रफीत आणि क्रियापदाचा प्रश्न

हवामान-उपग्रहाने टिपलेली पृथ्वीची चित्रे एकापाठोपाठ एक जोडून तयार केलेल्या चित्रफिती, ज्यांना आज सर्रास ‘टाइमलॅप्स’ म्हटले जाते, हवामानशास्त्राच्या कार्यालयांतून बाहेर पडून सामान्य प्रेक्षकापर्यंत पोहोचल्या आहेत. कोणी त्यांना शास्त्रीय पुरावा मानतो, कोणी नुसते मनोहर दृश्य. परंतु चित्रफीत ही एक रचनाही असते. तिच्यात निवड असते, गाळणे असते, क्रम असतो. आणि जेथे या तीन गोष्टी असतात तेथे व्याकरण असते. या व्याकरणाची परीक्षा आजवर फारशी झालेली नाही.

अशा चित्रफितीची पहिली अट म्हणजे चित्र घेणारा स्थिर असणे. १ एप्रिल १९६० रोजी सोडलेला अमेरिकेचा ‘टायरॉस-१’ हा पहिला यशस्वी हवामान-उपग्रह पृथ्वीभोवती वेगाने फिरत होता. त्याची चित्रे म्हणजे सुटे तुकडे होते. डिसेंबर १९६६ मध्ये ‘एटीएस-१’ हा उपग्रह भूस्थिर कक्षेत गेला आणि व्हर्नर सुओमी यांच्या कॅमेऱ्याने एकाच जागेवरून पुन:पुन्हा पृथ्वीचे एकच अंग टिपण्यास आरंभ केला. ती चित्रे जोडून पाहण्यात एक मोठा हेतू मोजमापाचा होता: ढग दोन चित्रांच्या मध्ये किती हलला यावरून वाऱ्याचा वेग काढावयाचा. चित्रफीत ही मुळात मोजपट्टी होती, हे विसरता कामा नये.

भारतापुरते पाहता, २०१३ मध्ये ‘इन्सॅट-३डी’, २०१६ मध्ये ‘इन्सॅट-३डीआर’ आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘इन्सॅट-३डीएस’ हे उपग्रह सोडले गेले. या मालिकेतील उपग्रहांना ७४ व ८२ अंश पूर्व रेखांशांवरील स्थाने लाभली, आणि नागपूर ७९ अंशांवर असल्याने विदर्भ त्यांच्या दृष्टीच्या जवळजवळ मध्यरेषेवर येतो. एक उपग्रह दर अर्ध्या तासाला एक चित्र देतो असे धरले, तर दिवसाची ४८ चित्रे होतात. सेकंदाला २४ चित्रांच्या गतीने एक दिवस दोन सेकंदांत संपतो, आणि जून ते सप्टेंबर हा १२२ दिवसांचा पावसाळा चार मिनिटे चार सेकंदांत. त्यातही प्रत्येक चित्र एका क्षणाचे नसते. पृथ्वीचे संपूर्ण बिंब पट्ट्यापट्ट्याने टिपण्यास या उपग्रहांना सुमारे २६ मिनिटे लागतात. बिंबाचे एक टोक टिपून होते तेव्हा दुसऱ्याची पाळी आलेलीच नसते. ज्याला प्रेक्षक ‘त्या वेळचे’ चित्र समजतो ते वस्तुत: अर्ध्या तासाचे संकलित निवेदन आहे.

या सुट्या निवेदनांतून प्रेक्षकाच्या मनात एक वाक्य तयार होते: ‘ढग अमक्या ठिकाणाहून तमक्या ठिकाणी गेला.’ वाक्यात ढग कर्ता आहे, आणि ‘गेला’ या क्रियापदाने त्या कर्त्याची अखंडता गृहीत धरली आहे. पण निघालेला ढग आणि पोहोचलेला ढग एकच असतो काय? ढग एका कडेला विरत असतो, दुसऱ्या कडेला नव्याने बनत असतो. सरकतो तो बहुधा आकार. बोली मराठी या बाबतीत अधिक सावध आहे. ती ‘आभाळ भरून आले’ म्हणते, ढग ‘दाटले’, ‘फाटले’, ‘विरले’ म्हणते. बनण्याची आणि नाहीसे होण्याची क्रियापदे तिच्यापाशी आहेत. चित्रफितीखालील मथळे मात्र ‘सरकणे’ आणि ‘येऊन धडकणे’ यांपलीकडे क्वचितच जातात.

नागपूरच्या वाचकाला येथे ‘मेघदूता’चे स्मरण होणे स्वाभाविक आहे. काव्यातील रामगिरी म्हणजे रामटेक, हे मत वा. वि. मिराशी यांनी आग्रहाने मांडले होते. ढगाला प्रवासी करणारी ही सर्वांत प्रसिद्ध कृती. परंतु कालिदासाने आरंभीच मेघ हा धूर, प्रकाश, पाणी व वारा यांचा समुच्चय असल्याचे सांगून, त्याला निरोप्या मानणे हा विरहाचा भ्रम आहे हेही नोंदविले आहे. कवीने घेतलेली ही खबरदारी चित्रफितीचे कर्ते घेत नाहीत.

या दोषाचे सर्वांत बोलके उदाहरण पावसाळ्याचेच आहे. अवरक्त चित्रांत उंच, थंड ढगमाथे उठून दिसतात. खालचे उबदार ढग जमिनीपासून वेगळे ओळखणे कठीण जाते. पावसाळ्यात द्वीपकल्पावर सुमारे १४–१५ किलोमीटर उंचीवर पूर्वेकडून पश्चिमेकडे वेगवान प्रवाह वाहतो, पी. कोटेश्वरम् यांनी १९५८ मध्ये त्याचे विवेचन केले. वादळी ढगांचे पसरलेले माथे या प्रवाहात पश्चिमेकडे ओढले जातात. चित्रफितीत म्हणून सारे आकाश पूर्वेकडून वाहताना दिसते, आणि त्याच वेळी त्याखाली पाण्याने भरलेला मोसमी वारा अरबी समुद्राकडून येत असतो. डोळ्यांनी पाहिलेले खरेच आहे. ‘पाऊस पूर्वेकडून आला’ हे त्यावरून रचलेले वाक्य मात्र अपुरे आहे. बंगालच्या उपसागरातील कमी दाबाचे क्षेत्र छत्तीसगडमार्गे विदर्भाकडे येते, तेव्हा तर या तीन हालचाली एकमेकींत मिसळतात आणि फीत पाहणाऱ्याला त्या निराळ्या करता येत नाहीत.

याहून गंभीर आक्षेप जोडचित्रांवर घ्यावा लागतो. हालचाल गुळगुळीत दिसावी म्हणून अनेक कर्ते दोन खऱ्या चित्रांच्या मध्ये संगणकाने कल्पिलेली चित्रे घालतात. ती कोणत्याही वेळेची नसतात. समुद्रावरील विस्तीर्ण चक्रीवादळात याने फारसे बिघडत नाही. पण वैशाखातील वा परतीच्या पावसातील गडगडाटी ढग तासाभरात जन्मून संपू शकतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचे पाणी वस्त्यांत शिरले व माणसे दगावली. त्यातील निर्णायक चार तास धरले तरी अर्ध्या तासाच्या हिशेबाने ती आठ चित्रे होतात. चित्रफितीत ती सेकंदाच्या एक-तृतीयांशात निघून जातात. रात्र असल्याने दृश्य प्रकाशातील चित्र काळे. उरते ते चार किलोमीटरच्या ठिपक्यांचे अवरक्त चित्र, ज्यात एक थंड डाग वाढताना दिसतो. त्या आठ चित्रांमध्ये कल्पित चित्रे घातली की डाग संथपणे फुलत गेल्याचा भास होतो. शहराने जे भोगले ते संथ नव्हते.

रंगांविषयी थोडक्यात. इन्सॅटच्या या प्रतिमाग्राहकात दृश्य प्रकाशाची एकच वाहिनी आहे. तेव्हा त्याच्या चित्रफितीतील निळा समुद्र व हिरवी भूमी वरून चढविलेली असते. परदेशी उपग्रहांच्या ‘जिओकलर’ पद्धतीच्या चित्रांत रात्री दिसणारे शहरांचे दिवे हे पूर्वीच्या नोंदींतून घेतलेले स्थिर चित्र असते. वीज गेलेले शहरही त्यात उजळलेलेच राहील. अलंकार म्हणून याला हरकत नाही, पण अलंकार आहे हे सांगितले पाहिजे.

चांगल्या चित्रफिती नाहीत असे नव्हे. ज्यांत खऱ्या चित्रांमधील झटका तसाच ठेवलेला असतो, गहाळ चित्राच्या जागी कोरी चौकट असते आणि कोपऱ्यात घड्याळ चालू असते, त्या डोळ्यांना थोड्या खडबडीत वाटतात. अभ्यासकाला त्याच उपयोगी पडतात. घड्याळाबाबतही एक बारकावा आहे. मूळ नोंदी जागतिक वेळेत असतात व भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. नागपूरची ती पहाट अशा घड्याळात २२ सप्टेंबरच्या रात्रीची म्हणून दिसते, आणि तारीख न बदलता फीत पुढे पाठविणारे कर्ते तिला तशीच राहू देतात.

‘टाइमलॅप्स’साठी ‘कालसंक्षेप’ हा शब्द सुचण्यासारखा आहे. तो सुबोध आहे, पण योग्य नाही. संक्षेपात आशय राखून विस्तार कमी केलेला असतो. येथे दोन चित्रांमधला काळ संक्षिप्त होत नाही, तो वगळला जातो. ‘खंडित कालचित्र’ हा शब्द जड असला तरी वस्तूशी अधिक प्रामाणिक ठरेल.