‘अंगात येणे’ : निदान आणि समाजमान्यतेची अट

मानसिक आजाराच्या निदानावर सांस्कृतिक श्रद्धांचा प्रभाव पडतो, या विधानाला आता कोणी हरकत घेत नाही. चर्चासत्रांतून ते इतक्या सहजतेने उच्चारले जाते की, प्रभाव नेमका कोणाच्या श्रद्धेचा, हा प्रश्न बाजूलाच राहतो. प्रस्तुत लेखात महाराष्ट्राला सुपरिचित असलेल्या ‘अंगात येणे’ या एकाच अनुभवाच्या संदर्भात त्याचा विचार केला आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तीत या अवस्थेसाठी स्वतंत्र निदान आहे. व्यक्तीच्या नेहमीच्या ‘मी’ची जागा बाहेरच्या शक्तीने घेणे, ही अवस्था अनैच्छिक व नकोशी असणे, तिच्यामुळे लक्षणीय त्रास होणे, या अटींबरोबरच ती सामूहिक सांस्कृतिक वा धार्मिक आचाराचा भाग म्हणून स्वीकारलेली नसावी, अशीही अट आहे. अट सद्हेतूने घातलेली आहे. नवरात्रात देवीपुढे घुमणाऱ्या प्रत्येक स्त्रीला रुग्ण ठरविण्याचा उतावळेपणा तिच्यामुळे टळतो. (आपल्याकडील काही विवेकवादी लेखनात हा उतावळेपणा अद्याप आढळतो, नाही तर सगळेच ढोंग ठरते.) परंतु स्वीकारायचे कोणी? दवाखान्यात ‘समाज’ येत नाही. येतात ते नवरा, सासू, दीर. सुनेच्या अंगात देवी आली असे घरच्यांनी म्हटले तर ती पूज्य. ‘बाहेरची बाधा’ म्हटले तर देवऋषी, आणि तेथून कधी तरी डॉक्टर. डॉक्टरांपुढे येणारी हकीकत यांपैकी एका अर्थात आधीच बसवलेली असते.

व्हीडा स्कल्टन्स यांनी १९८७ मध्ये महाराष्ट्रातील एका महानुभाव मंदिराविषयीचा अभ्यास प्रसिद्ध केला. मनोरुग्णाला घेऊन तेथे राहणाऱ्या स्त्रियांच्या अंगात येते आणि घरच्यांच्या स्वास्थ्यासाठी केलेला त्याग म्हणून त्या ते पत्करतात, असे त्यांचे निरीक्षण आहे. येथे समाजमान्यता पुरेपूर आहे. सबब वरील निदान लागू होणार नाही. ते योग्यही असेल. पण मुलाच्या किंवा नवऱ्याच्या आजाराचे ओझे स्वतःच्या देहावर घेणाऱ्या या बाईचा शीण कोठे नोंदवायचा? वर्गीकरणाच्या दृष्टीने ती कोणीच नाही.

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ३ मध्ये हीच अडचण वेगळ्या रूपाने दिसते. निदान उपरोक्त वर्गीकरणासारख्या मान्य मानकांनुसार करावे, असे हे कलम सांगते. आणि समाजातील प्रचलित धार्मिक श्रद्धांशी न जुळणे हा मानसिक आजार ठरविण्याचा आधार होऊ शकत नाही, असेही सांगते. एकीकडे समाजाची मान्यता विचारात घ्यायची आणि दुसरीकडे तिला निर्णायक होऊ द्यायचे नाही, ही कसरत अखेर तपासणाऱ्या डॉक्टरवर येऊन पडते, तीही बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीत.

अमेरिकन मनोविकार संघटनेच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेतील सोळा प्रश्नांची सांस्कृतिक मुलाखत येथे अधिक उपयुक्त वाटते. कारण तीत रुग्णाला त्याचा त्रास त्याच्याच शब्दांत सांगावयास सांगितले जाते. देवी येणे, वारे येणे, बाधा होणे, झपाटणे हे मराठीतील वेगवेगळे अनुभव आहेत. बाईला एकटीला विचारून तिने यांतला कोणता शब्द वापरला, एवढे तरी केसपेपरवर देवनागरीत लिहून घेता येईल.