प्रभावांक व नियतकालिकांची क्रमवारी
मागील दोन वर्षांतील लेखांना विद्यमान वर्षात मिळालेली उद्धरणे भागिले लेखसंख्या, या गुणोत्तरास नियतकालिकाचा ‘प्रभावांक’ म्हणतात. हा केवळ माध्य होय. उद्धरणांचे वितरण अतिशय विषम असते. थोड्या लेखांना पुष्कळ, तर बहुतेकांना मोजकीच उद्धरणे लाभतात. त्यामुळे लेखसंख्या लहान असल्यास माध्याची प्रमाणत्रुटी मोठी राहते. अ‍ॅक्टा क्रिस्टलोग्राफिका–ए चा प्रभावांक २००८ मध्ये सु. २ होता, शेल्ड्रिक यांच्या मुख्यतः एका लेखामुळे तो २००९ मध्ये सु. ५० झाला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत प्रभावांक १ हून कमी असल्यास १०, तर १ ते २ असल्यास १५ वाढीव गुण ठरविले होते. ०·९ व १·१ यांतील फरक यादृच्छिक असू शकतो. तथापि तेवढ्यावरून अध्यापकाच्या निवडीत अंतर पडते. विश्वास-अंतराल न देणारी क्रमवारी म्हणूनच सांख्यिकीय दृष्ट्या अपुरी ठरते.