इंग्रजी जोडक्रियापदें व व्यापारी पत्रव्यवहार

व्यापारी पत्रव्यवहारास उपयुक्त अशीं इंग्रजी जोडक्रियापदें शिकविणारीं पुस्तकें अलीकडे उदंड झालीं आहेत. त्यांची रचना बहुधा एकाच साच्याची: डावीकडे क्रियापद, उजवीकडे मराठी प्रतिशब्द, आणि क्रम अक्षरांचा. या रीतीनें शब्द पाठ होतात, भाषा साध्य होत नाहीं, असें आमचें मत आहे.

अडचण मात्र खरी व जुनी आहे. साध्या क्रियापदास एखादें अव्यय जोडल्यानें अर्थ पालटतो व परकीयांस हेंच फार जड जातें, असें डॉ. जॉन्सन यांनीं १७५५ सालच्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेंतच म्हटलें आहे. ‘राइट’ म्हणजे लिहिणें हें शाळकरी मुलासहि ठाऊक असतें. परंतु हिशेबांत ‘राइट डाउन’ म्हणजे मालमत्तेची पुस्तकी किंमत घटविणें, आणि ‘राइट ऑफ’ म्हणजे रक्कम बुडीत धरून खात्यांतून काढून टाकणें. सभा ‘पुट ऑफ’ झाली तर ती पुढें ढकलली गेली. ‘कॉल ऑफ’ झाली तर रद्दच झाली. दोहोंतील ‘ऑफ’ पाहून जो फसेल, तो रद्द झालेल्या सभेची नवी तारीख विचारीत बसेल, आणि त्याचा बोल नोकरीच्या ठिकाणीं त्यालाच लागेल.

शिवाय सर्वनामाची जागाहि सर्वत्र सारखी नाहीं. ‘कॉल इट ऑफ’ असेंच म्हणावें लागतें; उलट ‘लुक इन्टु इट’ यांत सर्वनाम शेवटीं येतें. हा भेद यादींत दिसत नाहीं, वाक्यांतच दिसतो. तसेंच, संभाषणांत ‘पुट ऑफ’ शोभतें तेथें औपचारिक पत्रांत ‘पोस्टपोन’ अधिक योग्य, हा विवेकहि यादी शिकवीत नाहीं.

वस्तुतः मराठी विद्यार्थी या बाबतींत अगदींच रित्या हातानें येत नाहीं. लिहून देणें, लिहून घेणें, लिहून ठेवणें व लिहून टाकणें यांतील भेद त्यास कोणी शिकविलेला नसतो. एकाच धातूपासून आहार, प्रहार व संहार कसे निघतात, हेंहि त्याच्या कानांवर असतें. इंग्रजींत अर्थ पालटविणारा शब्द मागून येतो व तो अव्यय असतो, एवढें अंतर दाखवून ग्रंथकार येथूनच आरंभ करतील, तर पुस्तकाचीं पानें निम्मीं होतील व उपयोग दुप्पट होईल. पाठांतराचें ओझें वाढविणाऱ्या यादीपेक्षां पूर्ण लिहिलेलीं दहा पत्रें आम्ही अधिक मोलाचीं मानतों.