वीज मीठ फोडत नाही

मागच्या एपिसोडमध्ये इलेक्ट्रोलिसिसवर, म्हणजे शाळेतल्या विद्युत अपघटनावर बोलताना मी सहज म्हणून गेले, "वीज मिठाला फोडते. सोडियम एकीकडे, क्लोरीन दुसरीकडे." नंतर रेकॉर्डिंग ऐकताना माझंच वाक्य मला खटकलं. तसं ते माझं एकटीचं नाही. दहावीच्या गाइडपासून यूट्यूबपर्यंत ते याच थाटात भेटतं. जमाखर्च म्हणून ते बरोबरही आहे: सुरुवातीला वितळलेलं मीठ, शेवटी सोडियम आणि क्लोरीन, मध्ये वीज खर्ची पडली. पण मध्ये नेमकं काय घडलं, ते हे वाक्य चुकीचं सांगतं. म्हणून आज त्याचीच झडती.

घन मिठात सोडियमचे धन आयन आणि क्लोरीनचे ऋण आयन आधीपासूनच असतात, फक्त स्फटिकात जागच्या जागी अडकलेले. त्यामुळे कोरडं मीठ वीज वाहून नेत नाही. 801 अंश सेल्सिअसला मीठ वितळतं आणि आयन हलायला मोकळे होतात. हे मोकळं करण्याचं काम उष्णतेने केलं. मीठ पाण्यात टाकलं तर तेच काम पाणी करतं. विजेचं बटण आपण अजून दाबलेलंच नाही!

मग वीज करते काय? बॅटरी एका इलेक्ट्रोडवर इलेक्ट्रॉन ढकलते आणि दुसऱ्यावरून ओढून घेते. वितळलेल्या मिठात सोडियम आयन कॅथोडपाशी येतो, एक इलेक्ट्रॉन घेतो आणि धातू होतो. क्लोराइड आयन ॲनोडवर इलेक्ट्रॉन सोडतात आणि दोन-दोन मिळून क्लोरीन वायू होतो. सगळी देवाणघेवाण इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागावर. मधल्या द्रवात कुणी कुणाला फोडत नाही, तिथे नुसती आयनांची वाटचाल चालू असते.

ही चूक आहे मात्र खानदानी. 1807 मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हम्फ्री डेव्हीने विजेच्या मदतीने पोटॅश आणि कॉस्टिक सोड्यातून पोटॅशियम आणि सोडियम वेगळे केले. एकेकाळी त्याचा मदतनीस असलेल्या मायकेल फॅरडेने 1834 मध्ये आयन, ॲनोड, कॅथोड हे शब्द रूढ केले. आयन म्हणजे ग्रीकमध्ये 'जाणारा'. पण फॅरडेच्या मते विघटन घडवणारी वीजच होती. 1857 मध्ये क्लाउझियसने यातली अडचण दाखवली: आधी रेणू तोडावे लागत असतील, तर ठरावीक जोराखाली द्रावणातून प्रवाह वाहायलाच नको. प्रत्यक्षात अगदी क्षीण जोरालाही आयन सरकतात. म्हणजे काही आयन आधीच सुटे असणार. अऱ्हेनियसने 1884 मध्ये उप्साला विद्यापीठात याच वाटेवरचा प्रबंध दिला, तर परीक्षकांनी त्याला खालची श्रेणी दिली. 1903 मध्ये त्याच विचारासाठी त्याला नोबेल मिळालं.

पुरावा तुमच्या किचनमध्येही सापडेल. पाण्याचा टीडीएस मोजायचं पेन पाण्यातून अगदी हलका, दिशा बदलत राहणारा प्रवाह सोडतं. आयन जागच्या जागी मागेपुढे डुलतात, आकडा लगेच दिसतो, आणि पाण्यातले क्षार होते तसेच राहतात.

"एवढी काय चिरफाड, उत्तर तर तेच येतं ना?" नाही येत. मीठ वितळवण्याऐवजी त्याचं दाट द्रावण घ्या. 'वीज मीठ फोडते' हे डोक्यात असेल तर तुम्ही कॅथोडवर सोडियम शोधाल. तिथे निघतो हायड्रोजन. इलेक्ट्रॉन घेणं सोडियम आयनापेक्षा पाण्याला कितीतरी सोपं जातं. ॲनोडवर क्लोरीन, द्रावणात कॉस्टिक सोडा. अख्खा क्लोर-अल्कली उद्योग यावर उभा आहे. 'या इलेक्ट्रोडवर इलेक्ट्रॉन कोण सहज घेईल, कोण सहज देईल?' हा प्रश्न विचारला की उत्तर सापडतं. 'कोण फुटेल?' विचारलं की नाही.

आता आपल्या शब्दांबद्दल. ॲनोडला शाळेत आपण 'धनाग्र' म्हणायचो. इलेक्ट्रोलिसिसपुरतं ठीक आहे, तिथे ॲनोड धनच असतो. पण ॲनोडची खरी ओळख म्हणजे जिथे ऑक्सिडीकरण होतं तो इलेक्ट्रोड. वीज देणाऱ्या बॅटरीत ॲनोड ऋण टोकाला असतो. पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी सेलच्या आकृतीत ॲनोडला बिनदिक्कत अधिक चिन्ह दिलं होतं, ते या 'धनाग्रा'च्या भरवशावर. फॅरडेने व्ह्यूएल या विद्वानाला विचारून मुद्दाम असे शब्द निवडले होते, ज्यांत विजेबद्दलचा कुठलाही सिद्धांत गृहीत धरलेला नसेल. मराठी करताना आपण ती सावधगिरी गमावली.

पण सगळेच पारिभाषिक शब्द असे नाहीत. पाण्यात आयन सुटे होण्याला आपल्याकडे 'विचरण' म्हणतात. विचरण म्हणजे मोकळं हिंडणं. किती नेमका शब्द आहे! म्हणून माझं मत: ॲनोड-कॅथोड मराठीत तसेच घ्यावेत, विचरण मात्र सोडू नये.

आणि ते वाक्य मी आता असं म्हणेन: उष्णता किंवा पाणी आयनांना मोकळं करतं, वीज त्यांच्याशी इलेक्ट्रॉनचा व्यवहार करते. थोडं लांबलं खरं. पण पुढच्या वेळी धाकट्या भावंडाला व्हिडिओ कॉलवर केमिस्ट्री समजावताना हेच सांगून बघा. मिठाच्या द्रावणातून हायड्रोजन का निघतो, हे तेच तुम्हाला सांगेल.