साधनसुलभता आणि ज्ञानाचा लोप : एलन उलमन यांच्या लेखनाची चिकित्सा

प्रस्तावना

संगणकविषयक लेखन बहुधा माहितीपुस्तिकेच्या पातळीवर राहते, किंवा यंत्राचे कौतुक वा भय व्यक्त करते. आज्ञावली लिहिणाऱ्या व्यक्तीचे अनुभवविश्व त्यात क्वचितच येते. अमेरिकन लेखिका एलन उलमन यांचे लेखन या दृष्टीने वेगळे ठरते. त्या १९७० च्या दशकाच्या अखेरीस आज्ञावलीलेखनाच्या व्यवसायात आल्या. 'क्लोज टू द मशीन' (१९९७) हे आत्मकथन, 'द बग' (२००३) ही कादंबरी आणि 'लाइफ इन कोड' (२०१७) हा लेखसंग्रह हे त्यांचे महत्त्वाचे लेखन होय. प्रस्तुत लेखात उपरोक्त आत्मकथन आणि 'सलॉन'मध्ये १९९८ साली प्रसिद्ध झालेला 'द डम्बिंग-डाउन ऑफ प्रोग्रामिंग' हा लेख यांतील साधनविचाराची चिकित्सा केली आहे.

सुलभतेची किंमत

या लेखात उलमन आपल्या संगणकावरून विंडोज काढून टाकून लिनक्स बसवतात. जुनी प्रणाली पुसली जाताच पडद्यावर बेसिक ही भाषा यंत्रात नसल्याची सूचना उमटते. प्रारंभीच्या व्यक्तिगत संगणकात ही भाषा अंतर्भूत असे. म्हणजे यंत्र विकत घेणाऱ्याला ते स्वतः घडविण्याचे निमंत्रणच होते. एका रूक्ष सूचनेतून लेखिका या हरवलेल्या निमंत्रणाचा इतिहास उलगडते. हे तिच्या शैलीचे सामर्थ्य आहे.

तिचा मुख्य आक्षेप 'विझार्ड' या साधनांवर आहे. चार प्रश्नांची उत्तरे देताच ही साधने तयार संहिता पुढे ठेवतात. काम होते, परंतु ते कसे झाले हे ज्ञान संहितेत गाडले जाते आणि कालांतराने ते कोणाकडेच उरत नाही.

युक्तिवादाची मर्यादा

हा युक्तिवाद जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. आयबीएममध्ये जॉन बॅकस यांच्या नेतृत्वाखाली तयार होऊन १९५७ मध्ये उपलब्ध झालेल्या फोरट्रानचा हेतूही आज्ञावलीकाराला यंत्रभाषेच्या जाचातून सोडविण्याचा होता. बेसिकदेखील यंत्राच्या तपशिलावर घातलेले आवरणच होय. आपण ज्या पायरीवर शिकलो तीच खरी, त्यावरील साऱ्या कृत्रिम, अशी स्मरणरंजनाची छटा उलमन यांच्या लेखनात आहे.

तथापि, लिनक्सची निवड या आक्षेपाला उत्तर देते. लिनक्सही असंख्य इतरांच्या श्रमांवर उभे आहे. मात्र त्याची मूळ संहिता वाचता येते. तात्पर्य, तपशील झाकणे हा दोष नसून परतीची वाट बंद करणे हा दोष आहे. उलमन हा भेद सूत्ररूपाने मांडत नाहीत. तो त्यांच्या कृतीतून व्यक्त होतो.

साधन आणि नीती

आत्मकथनात हा विचार नैतिक पातळीवर जातो. एका छोट्या कंपनीचा मालक नवी प्रणाली येताच, आपल्या जुन्या विश्वासू कर्मचारी स्त्रीच्या कळफलकावरील प्रत्येक नोंदीवर पाळत ठेवता येईल का, असे विचारतो. त्याला तिच्याविषयी संशय नाही. ते शक्य आहे एवढेच कारण त्याला पुरेसे वाटते. साधन गरज भागवते तसेच गरज निर्माणही करते, हे निरीक्षण कोणत्याही सैद्धांतिक विवेचनापेक्षा प्रभावी ठरते.

समारोप

२०२१ नंतर कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित संहितालेखनाची साधने प्रचारात आली आणि उलमन यांच्या प्रश्नाला नवी धार आली. विझार्डचा साचा ठरावीक असे, त्यामुळे तो अभ्यासता येई. नव्या साधनांत त्याच मागणीला दर वेळी वेगळी संहिता मिळू शकते. विद्यार्थ्याची आज्ञावली बिनचूक चालते, पण तिच्यातील एका ओळीचेही स्पष्टीकरण त्याला देता येत नाही, अशा वेळी मूल्यमापन नेमके कशाचे करावयाचे? साधने नाकारणे हे त्याचे उत्तर नव्हे. तयार संहिता हाती आल्यावर ती उकलून दाखविण्याची सक्ती अभ्यासक्रमात असणे, हे मात्र उलमन यांच्या लेखनातून निघणारे अपरिहार्य अनुमान आहे.